शेवटच्या ओळीखाली जाहिरात नको

प्रिय हेजू,

कागदावरचं माझं पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा तेच सांगतो. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण उतारावरच. चढताना मुकाट असतो. कुत्रं मजेत आहे, कोबीचं लोणचं अजून पुरतंय, आणि शेजारची वांदोवाली रोज सकाळी कुंपणावरून विचारते, "हेजूच्या आप्पा, उठलात का, की पोलिसांना बोलावू?" या बेटावर मला माझ्या नावानं कोणीच हाक मारत नाही. लाँचच्या कप्तान ब्योनपासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांचा मी हेजूचा आप्पा. दिवसातून कितीदा तरी या घराच्या आसपास तुझं नाव घेतलं जातं आणि ओ मी देतो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आपलं फोनवर कसं होतं ते तुला ठाऊक आहे. आई होती तेव्हा ती तुझ्याशी पोटभर बोलून घ्यायची आणि मग फोन माझ्या हातात द्यायची. मी म्हणायचो, "जेवलीस का?" तू म्हणायचीस, "हो. तुम्ही?" मी म्हणायचो, "हो. ठेव आता, दमली असशील." आई गेली तशी आधीची पोटभर बोलणी गेली. आपल्याकडे तेवढं शेवटचं उरलं.

बातमी आपल्या पानाची आहे. कॉलेजात असताना तू आईच्या पाहुणेघरासाठी इंटरनेटवर बनवून दिलंस ते. खोल्यांचे फोटो, भाजलेल्या माशाचं ताट, आणि सगळ्यांच्या वर मोठ्या अक्षरांत एक ओळ: आज लाँच सुटेल की नाही. ती ओळ आईच्या डोक्यातली. उजाडल्यापासून पलीकडच्या मोकपो बंदरातून लोकांचे फोन यायचे आणि इकडे तिचा भात लागायचा. पाहुणेघर बंद झाल्यावर खोल्यांचे फोटो मी काढले, ओळ काढवली नाही. अजूनही सकाळी धक्क्यावर जातो, समोरचा खडक दिसतो का बघतो, काळ्या बकऱ्या डोंगराच्या कोणत्या अंगाला गेल्यात ते बघतो, कप्तानला विचारतो आणि घरी येऊन लिहितो. सुटेल. किंवा सुटणार नाही. त्याखाली वारा आणि लाटा. आणि पार तळाला थोडं इकडचं तिकडचं: जर्दाळूला कळ्या आल्या, कुत्र्यानं वांदोवालीचा रबरी बूट पळवला, आईच्या लोणच्याच्या बरणीला तडा गेला होता तो मी बुजवला. असलं काहीतरी.

या हिवाळ्यात पानाचं भाडं भरलं न गेल्याची सूचना आली. इतकी वर्षं ते तुझ्या कार्डावरून आपोआप जात होतं. या वेळी गेलं नाही. वसंत संपेपर्यंत भरा, नाहीतर पान बंद करू, असं त्यांचं म्हणणं. तुला याचा पत्ताही नसेल. बेटावर राहायला आलेली ती सोलवाली तुला आठवत असेल, तिकडे जाहिरातींच्या कंपनीत होती आणि आता इथून समुद्रशेवाळाचे पापड विकते, तिला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, कार्डाची मुदत संपली असेल. संपतेच की ती." मुदत संपते हे मला पटलं. पण घरी येताना वाटलं, कार्डाचीच संपली असेल ना?

असं वाटण्याचं कारण होतं. गेल्या वर्षी आईच्या श्राद्धाला तू आली नाहीस. त्या दिवशी धुकं असं होतं की धक्क्यावर उभं राहून धक्का दिसेना. सुटणार नाही, असं लिहून मी स्वयंपाकाला लागलो. संध्याकाळी तुझा फोन आला, "कारखान्यात काम निघालं, आप्पा. सुट्टी मिळाली नाही." मी म्हटलं, "बरं. जेवलीस का?" ताट एकट्यानं मांडलं, नमस्कार एकट्यानं घातला आणि उरलेला मासा वांदोवालीला नेऊन दिला. रागावलो नव्हतो. पण एक गोष्ट कुसळासारखी आत राहिली. धुक्याचं कारण आयतं समोर असताना तू कामाचं सांगितलंस. म्हणजे तू निघायचं मनातच आणलं नव्हतंस, नाहीतर लाँच बंद असल्याचं तुला कळलं असतं. वर्षभर मी हाच हिशेब मांडत होतो, आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं.

तेव्हा ठरवलं, तुला विचारायचं नाही. पानानं स्वतःचं पोट स्वतः भरावं. सोलवाली म्हणाली, जाहिराती लावा. वाचणाऱ्यानं जाहिरातीवर बोट ठेवलं की थोडे पैसे मिळतात. नुसतं बघितलं तर काही नाही. तिनं दोन नियमही बजावले. आपल्याच पानावरच्या जाहिरातीवर आपण बोट ठेवायचं नाही, आणि घरच्यांनीही नाही. त्यांच्या लक्षात येतं आणि खातं बंद होतं. "घरच्यांना सांगून ठेवा," ती म्हणाली. मी मान डोलावली. सांगायला घरात कुत्रं होतं.

मग प्रश्न आला, लावायची कुठे? मला वाटलं होतं, भिंतीवर कॅलेंडर टांगतात तशी कुठेही टांगता येईल. सोलवाली म्हणाली, "हेजूच्या आप्पा, जागा हाच तर सगळा धंदा आहे." लोक ज्या ओळीसाठी येतात तिच्या अगदी डोक्यावर लावा, म्हणाली. घाईत असलेल्या माणसाचं बोट घसरतं आणि घसरलेलं बोटही मोजलं जातं. तिनं तशी लावून दिली. दुसऱ्या दिवशी वांदोवाली फोन नाचवत आली. दवाखान्याला जायचं म्हणून लाँच बघायला गेली आणि कुणीतरी तिला मोकपोतल्या नव्या इमारतीत फ्लॅट विकायला लागलं. "चौदाव्या मजल्यावर मी काय कोळंबी वाळत घालू?" धक्क्यावर कप्ताननं टोपी काढून डोकं पुढे केलं. "लाँच आहे का बघितलं, तर तुझं पान म्हणतं केस उगवतील. लाँच मी चालवतो, मला माहीत आहे. केसांचं खरं आहे का तेवढं सांग." सगळे हसले, मीही हसलो. पण ज्या ओळीवर भरवसा ठेवून म्हातारी माणसं पिशव्या उचलतात, तिच्या वाटेत पाय आडवा घालायचा, हे मला जमेना. आईनं तर मला उलथन्यानं मारलं असतं. माझ्या स्वतःच्या फोनवर, हेजू, तिथे एका माणसापुरता भात शिजवायचं छोटं भांडं दिसत होतं. एकदा कधीतरी मी तसलं शोधलं होतं. ते त्यांनी लक्षात ठेवलं. मी त्यावर बोट ठेवलं नाही. नियमच आहे.

मी सोलवालीला म्हटलं, वरची काढू आणि पार तळाला लावू, म्हणजे कुणाला त्रास नाही. ती म्हणाली, "तळाला कोण जातंय मरायला? थांबा, दाखवते." तिनं भाजलेली रताळी माझ्यापुढे सरकवली आणि तिच्या संगणकावर आपलं पान उघडलं. लोक पान कुठपर्यंत वाचतात त्याचा नकाशा निघतो म्हणे. वरच्या ओळीपाशी लालभडक, वाऱ्यालाटांपाशी पिवळट, आणि तळाला, जिथे माझा जर्दाळू आणि कुत्रं असतं, तिथे जवळजवळ पांढरं. मला जरा लागलं, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं मी समजत होतो, कुणीतरी वाचतंय. सोलवाली म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. लाँच आहे की नाही कळलं की माणूस निघतो." आणि मग तीच वाकून बघायला लागली. "एक आहे," म्हणाली. "एक जण रोज तळापर्यंत येतो. थांबतो पण." तिनं काहीतरी दाबलं आणि गावाचं नाव आलं. वनजू.

तू वनजूला असतेस हे बेटावर बकऱ्यांनाही माहीत आहे. मग सोलवाली म्हणाली, या यंत्राला फोन ओळखता येतो, माणूस ओळखता येत नाही, गावाचं नावही कधीकधी चुकतं, तेव्हा फार मनावर घेऊ नका. मी तिला म्हटलं, गेल्या वर्षीचा आईच्या श्राद्धाचा दिवस काढता येतो का? आला. त्या दिवशी वनजूहून कुणी आलं नव्हतं. पण तोच फोन मोकपोत होता. उजाडायच्या आधी पान उघडलेलं. मग पुन्हा. मग पुन्हा. दुपारी, दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत. दर वेळी वरच्या ओळीवर, आणि दर वेळी तळापर्यंत, जसं काही तिथे तरी वेगळं लिहिलेलं सापडेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा वनजू.

रताळं माझ्या हातात तसंच राहिलं. मोकपोच्या धक्क्यावरचा तो प्रतीक्षाकक्ष मला माहीत आहे. हिरव्या खुर्च्या, गरम होत नाही असा हीटर. तिथे तू दिवसभर धुक्याकडे बघत बसलीस, आणि संध्याकाळी तिथूनच मला फोन करून म्हणालीस, काम निघालं. इथवर आले होते म्हटलं असतंस तर आप्पाला घास गेला नसता, म्हणून. तुझी आईही अशीच. माशाचं डोकं स्वतःच्या पानात ओढून घ्यायची आणि म्हणायची, मला तेच आवडतं. वर्षभर मी जो हिशेब मांडत होतो त्यात हा आकडा धरलाच नव्हता.

नसेलही ती तू. वनजूत माणसं पुष्कळ आहेत. यंत्र चुकलं असेल तर हे पत्र एका म्हाताऱ्याची बडबड समजून ठेवून दे, आणि तू कुठून काय वाचतेस ते असं उघडून बघितलं त्याचा राग मानू नकोस. पण मला वाटतं, यंत्र चुकलेलं नाही. आईच्या बरणीला तडा गेल्याचं मी लिहिलं, त्याच आठवड्यात तुझ्याकडून टपालानं नवी बरणी आली होती. मी तेव्हा म्हटलं, योगायोग. म्हातारपणी माणूस फार लवकर योगायोग म्हणून मोकळा होतो.

जाहिरातीची जागा आता ठरली. वरची ओळ एकटी आहे, तिच्याखाली हातभर मोकळं, मग वारा आणि लाटा, आणि त्यांच्याखाली जाहिरात. सोलवाली म्हणते, पैसे कमी मिळतील. भाड्यापुरते मिळाले की झालं. तिथून खाली मी काहीही लावू दिलं नाही. ती म्हणाली, "तिथे नाहीतरी कोण येतं?" आणि मग स्वतःच जीभ चावली. जाहिरात चार माणसं थांबतात तिथे लावायची असते. जिथे एकच माणूस येतं तिथे नाही.

आणि आता, ज्यासाठी कागद घेतला ते. पानावर हे लिहिता येत नाही, तिथे बेटाला वाचता येतं. आईचं श्राद्ध जवळ आलंय, आणि धुक्याचे दिवसही. मी वांदोवालीला विचारलं, तिथी चुकली तर चालतं का? इतक्या जणांची ताटं मांडलेली बाई ती. म्हणाली, "गेलेल्या माणसाला कसली घाई? तिथीच्या मागे धावतो ते आपण." तेव्हा या वेळी ताट तिथीला मांडणार नाही. मासा मीठ लावून ठेवतो. तू मोकपोला ये, त्या हिरव्या खुर्चीत बस, आणि जितके दिवस वर सुटणार नाही असं दिसेल तितके दिवस इथेही ताट मांडलं जाणार नाही. काम निघालं असेल तर तसं सांग, मी खरं मानेन. पण तिथवर आलीस तर तिथूनच फोन कर आणि फक्त म्हण, आप्पा, मी धक्क्यावर आहे. ज्या सकाळी पहिल्या ओळीत सुटेल असं दिसेल, त्या सकाळी तेवढंच वाच आणि निघ. त्या दिवशी तळाला मी काही लिहिणार नाही. मी धक्क्यावर असेन.

इथे तुझ्या नावाला ओ देणारा,
तुझाच
आप्पा