फोनच्या पोटात

१८ सप्टेंबर १९९७, मलकापूर
फोन आला. अर्ज केला तेव्हा कृष्णात शाळेत होता. आता तो फौजेत आहे. आजवर त्याचे फोन शेजारी सयाजीकडे यायचे. सयाजी भिंतीवरून ओरडायचा, ‘आबा, पळा, पोराचा फोन हाय!’ सगळ्या आळीला कळायचं. ते संपलं. कृष्णातला पत्र टाकलं: नवा नंबर लिहून घे. सयाजीचा पी.पी. नंबर खोडून टाक.

२५ सप्टेंबर
फोन नुसता वापरणं हा अडाणीपणा. आवाज तारेतून कसा जातो, हे समजून घ्यायचं ठरवलं. जन्मभर साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. खिडकीतून बॉयलर दिसायचा. यंत्रं मला नवी नाहीत. कराडहून पुस्तक आणलं. पहिलं प्रकरण विजेवर. वगळलं.

६ ऑक्टोबर
कृष्णातचं पत्र. बारा तारखेला, रविवारी, सकाळी जम्मूहून फोन करणार. सोमवारी तुकडी वर बर्फात जाणार. तिथून फोन नाही. थेट उन्हाळ्यात.
सौ. फोन सारखा पुसते. पुसल्याने आवाज सुधारत नाही, हे समजावलं.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
कोयता, खोरं, शिलाई मशीन, सायकल. त्या रांगेत सौ.ने फोनही पुजला. हळद, कुंकू, अक्षता. संध्याकाळी रिसीव्हरमध्ये खरखर. निदान तत्काळ झालं: भोकांतून कुंकू आत गेलं. सौ. म्हणाली, ‘आवं, खरखर पहिल्यापासनं हाय. ऐकू येतंय न्हवं? मग कशाला हात लावताय?’
यंत्राविषयी घरात चर्चा करू नये.

११ ऑक्टोबर, दसरा. दुपार
मुहूर्त चांगला. उघडला. कुंकू सापडलं नाही. एक तार आपोआप निघाली. पुस्तकातला फोन चकतीचा, आपला बटणांचा. तत्त्व एकच.

संध्याकाळ
जोडला. दोन स्क्रू उरले. जास्तीचे दिले असावेत. खरखर पूर्ण थांबली. बाकीचे आवाजही थांबले.
सयाजी सोनं द्यायला आला. म्हणाला, ‘आवं आबा, हत्यारं पुजायची असत्यात. फाडायची न्हाईत.’ लाइनमन सोमवारी येईल.
सौ.ने फोन पुन्हा एकदा पुसला. मग म्हणाली, ‘त्यो सयाजीचा नंबर खोडला असंल का वो पोरानं?’
मी म्हणालो, माझा मुलगा आज्ञाधारक आहे.
ती जेवली नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
सौ. उजाडल्यापासून सयाजीच्या सोप्यात. मी इथे, आमच्या फोनजवळ. कुणीतरी हवं. रिसीव्हर उचलून पाहिला. ठेवला. परत उचलला.

दुपार
सयाजी भिंतीवरून ओरडला, ‘आबा, पळा!’
पळालो. एक चप्पल वाटेत राहिली. सौ.ने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. डोळे पुसत हसत होती. मला म्हणाली, ‘तुमचं पत्र वाचूनच नंबर खोडला न्हाई, म्हणतोय.’
मग रिसीव्हर माझ्या हातात. तिकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. माझा आवाज मात्र जाईना. कृष्णात नुसता ‘आबा? आबा, हायसा का?’ करत राहिला. लाइन कटली.
सयाजीच्या फोनमध्ये दोष आहे. एकदा उघडून बघायला हवा.