विजय-७५ ची सलामी

५ जानेवारी १९७५, रविवार. सकाळी ८
खताच्या दुकानाची ही डायरी आज हाती आली, म्हणून नव्या वर्षाचा संकल्प पाच दिवस उशिरा. दोष दुकानदाराचा. संकल्प असे: रोज डायरी लिहायची, लोकांचे पडून असलेले रेडिओ महिनाअखेर दुरुस्त करून द्यायचे आणि डोकं शांत ठेवायचं.

संध्याकाळी ७
डोकं शांत राहिलं नाही. डॉक्टरांचा रेडिओ परत द्यायला गेलो होतो. तो वाजत नाही, पण आतून-बाहेरून पुसून दिला. त्यांच्या टेबलावर एका इंग्रजी मासिकात फोटो दिसला. दोन लोखंडी यंत्रं एकमेकांना रेटताहेत आणि त्यांचे मालक बाजूला कौतुकानं उभे आहेत. डॉक्टरांनी वाचून सांगितलं, परदेशात लोक हौस म्हणून अशी यंत्रं बनवतात आणि झुंजवतात. मला बसवेना.

हॉटेलात चहा पिताना बोलून गेलो की येत्या जत्रेत कुस्त्यांच्या फडात मी यंत्राचा पैलवान उतरवणार. हैदर मिस्त्री तिथंच बसला होता. हा शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करतो, दुकानावर साधी पाटीही नाही. म्हणाला, अमृतभाऊ, पैलवान मागून उतरवा, आधी आमच्या अम्मीचा रेडिओ द्या, श्रावणापासून तुमच्याकडं पडून राहिला. सगळं हॉटेल हसलं.

मग मीही ऐकवलं. म्हणालो, तूही एक यंत्र उतरव. माझा पैलवान हरला तर दुकानावरची पाटी माझ्या हातानं खाली काढीन. पाटीवर 'अमृतराव, रेडिओ इंजिनियर' असं आहे. इंजिनियर हा शब्द मी अनुभवाच्या जोरावर लावला आहे. बाळापुरात तो लावणारा मी एकटाच आहे.

८ जानेवारी, बुधवार
कोंडीबा वस्तादांना भेटलो. जत्रेच्या कुस्त्या तेच लावतात. म्हणाले, लावू की, पण कायदा माणसाचाच राहील. आधी सलामी, मग कुस्ती. पाठ लागली की खेळ खलास, मग पाठ कातड्याची असो का पत्र्याची. मी म्हणालो, आमची कुस्ती शेवटी लावा, चांदीच्या कड्यावर. वस्ताद म्हणाले, तुमचं यंत्र नवीन पोरगं हाये, नवीन पोरगं नारळावर खेळतं. नारळाची कुस्ती पहिली असते, दहा वर्षांच्या पोरांची. अपमान गिळला. शोध लावणाऱ्याला सुरुवातीला हे सोसावंच लागतं.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
हैदरला तिळगूळ दिला आणि गोड बोललो. त्यानं काय बनवायला घेतलंय, हे गोड बोलूनही कळलं नाही.

यंत्राचं नाव ठरलं: विजय-७५. डॉक्टरांनी विचारलं, आधीचे चौऱ्याहत्तर कुठं आहेत? डॉक्टरांना विज्ञान कळतं, नावं कळत नाहीत.

१९ जानेवारी, रविवार
विजय उभा राहिला. माझ्या छातीएवढा आहे. तेलाच्या डब्याचं अंग, जुन्या स्पीकरचं डोकं, ट्रकच्या भंगारातल्या मोटरी, खाली तीनचाकी सायकलीची चाकं. ट्रकची बॅटरी छातीत बसवली. डॉक्टर म्हणाले, एवढं वजन वर? मी म्हणालो, पैलवानाची छाती वरच असते.

एकच अडचण आहे. उजव्या हातात जोर नाही. त्याला जड चाक हवं, एकदा फिरलं की थांबू नये असं. असं चाक सगळ्या बाळापुरात शोधलं.

२० जानेवारी, सोमवार
चाक घरातच मिळालं. बायकोच्या, जनकाच्या, शिलाई मशीनच्या खालचं, पायानं फिरतं ते. ओतीव, वजनदार, सुंदर. जनका भावाच्या लेकराच्या बारशाला कळमनुरीला गेली आहे, चार दिवस येणार नाही. तोवर चाचणी घेऊन जिथल्या तिथं लावून ठेवीन. तिला कळणारही नाही.

२२ जानेवारी, बुधवार
जनका दोन दिवस आधीच आली. लग्नसराईची ब्लाऊजं शिवायची आहेत म्हणाली. मशीनवर बसली, पाय मारला, मग खाली वाकून बघितलं. तुमी मशीन काहून खोलून ठिवलं, असं विचारलं. मी म्हणालो, सर्व्हिसिंग. ती म्हणाली, चाक कुठं हाये सर्व्हिसिंगचं? मी दुकानाकडं बोट दाखवलं. ती दुकानात गेली आणि विजयच्या पाठीला लावलेलं चाक बघून परत आली. मशीनवर चादर टाकली. पटलं असावं.

२४ जानेवारी, शुक्रवार
जनका शिवायला हैदरच्या घरी जाऊ लागली. त्याच्या बायकोची, कमरुन्निसाची, मशीन आहे. आधी मला राग आला. नंतर लक्षात आलं की शत्रूच्या घरात आपलं माणूस आयतंच बसलं आहे. संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, हैदर काय बनवून राहिला? ती म्हणाली, सूप.

हसून हसून माझा चहा सांडला. म्हणे हैदरची अम्मी अमिनाबी अंगणात तूर पाखडत होत्या, हैदर अर्धा तास त्यांच्या हाताकडं बघत बसला, आणि उठून पत्रा कापायला घेतला. खाली मोटर, पुढं जमिनीला टेकलेला पत्रा, बस. हात नाहीत, डोकं नाही. आणि चाकं? लोखंडी, दातेरी, चिखलातून पंप ओढायच्या गाड्याची. फडात पंप चालवायचा आहे का त्याला!

२ फेब्रुवारी, रविवार
आता सगळं लक्ष सलामीवर. खरा पैलवान सलामीवरून ओळखला जातो. खाली वाकायचं, माती उचलायची, कपाळाला लावायची, मग समोरच्याशी हात मिळवायचा. विजय हे सगळं करणार. सूप काय कपाळाला लावणार?

कंबरेला बिजागरी बसवली. झुंजीचे डाव नंतर बसवीन, अजून तीन आठवडे आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार
सलामी जमली! डॉक्टरांच्या ओसरीवर, गुळगुळीत शहाबादी फरशीवर प्रयोग केला. विजय वाकला, हात फरशीला लावला, कपाळाला नेला, ताठ झाला, आणि वीतभर मागं सरकला. हे मागं सरकणं मी बसवलेलं नाही. आपोआप आलं आहे. समोरच्याचा आदर राखून मागं सरकल्यासारखं दिसतं. तसंच ठेवलं.

दवाखान्यातले पेशंट टाळ्या वाजवत होते. एका आजीबाईंनी विजयला नमस्कार केला.

जनकाला सांगितलं. ती काज करत होती. म्हणाली, भिकाबाईच्या पोरीचं लगन सव्वीस तारखेला हाये, लोकाच्या घरी बसून अकरा ब्लाऊजं व्हायची न्हाईत, चाक कवा देता? मी म्हणालो, तेवीसला जत्रा, चोवीसला चाक. इंजिनियरचा शब्द आहे. तिनं दातानं दोरा तोडला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
वस्तादांनी निरोप धाडला की फडातली माती खणून झाली, यंत्र आणून बघा एकदा. हैदर रोज जाऊन बघून येतो म्हणे. मी गेलो नाही. विजयची सलामी लोकांनी आधीच बघितली तर त्या दिवशी काय राहिलं? शिवाय जमीन ती जमीन.

झुंजीचे डाव: एक बसला. उजवा हात वर जातो आणि जोरात खाली येतो. समोर काही असेल तर त्याला लागेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
वस्ताद दोन्ही यंत्रं तपासायला आले. हातात खडू. विजयच्या मागं जाऊन डब्यावर 'पाठ' असं लिहिलं. मग सुपापाशी गेले आणि विचारात पडले. शेवटी वरच्या पत्र्यावर 'पाठ' लिहिलं. मी हरकत घेतली. म्हणालो, हा तर आधीच आडवा पडलेला आहे, ह्याला हरलेलाच धरा. वस्ताद म्हणाले, पोटावर पडलेला गडी कवा हरला का? मग उलथा त्याला. कायद्याचा असा गैरफायदा घेणारा मी हैदरच पाहिला.

हैदर विजयभोवती फिरला, चाकांकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, भाऊ, तुमचे चाके बारीक हायेत, मातीत बसतील. पट्ट्या मारून देऊ का? मी हसून नको म्हणालो. घाबरलेला माणूस असंच गोड बोलतो.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १
जत्रा. पाटी सकाळी ओल्या फडक्यानं पुसून घेतली. उद्या बघणारे पुष्कळ येतील. विजयला झेंडूचा हार. जनका बायकांत बसणार आहे, सोबत कमरुन्निसा. सगळं तयार.

रात्री
काय घडलं ते शांतपणे लिहितो.

फडातली माती खणलेली, भुसभुशीत, आणि तीत ताक, तेल, कुरुंदा गावची हळद कालवलेली. हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मी लहानपणापासून कुस्त्या बघतो हे खरं, पण इंजिनियरच्या नजरेनं कधी बघितल्या नव्हत्या.

चौघांनी विजयला उचलून आत ठेवलं. चाकं मातीत बसली. हलगी थांबली. मी स्विच दाबला. विजय वाकला, हळदीची माती उचलली, कपाळाला लावली. लोक उठून उभे राहिले. मग तो ताठ झाला, आणि आता आदरानं मागं सरकणार, तर चाकं मातीत रुतलेली. सरकता येईना. म्हणून तो सरळ मागं आडवा झाला, मशीनच्या चाकासकट. पाठीवर.

मी ओरडलो, सलामीत पडला, कुस्ती सुरू व्हायची आहे! वस्ताद म्हणाले, बराबर हाये, उठवा. उठवलं. पुन्हा सलामी, पुन्हा पाठ. तिसऱ्यांदा तो पडला तेव्हा लोक आधीच मोजत होते. सूप तोवर जागचं हललंही नव्हतं.

मग हैदरनं आपलं सूप पुढं आणलं. मला वाटलं, संपलं. पण त्यानं पत्रा विजयच्या पाठीखाली अलगद घातला, अम्मी सूप उचलतात तसा उचलला आणि विजयला उभं केलं. माझ्या पैलवानाला त्याच्या पैलवानानं हात देऊन उठवावं तसं. लोकांनी टोप्या उडवल्या. त्या गडबडीत विजयचा हात पत्र्याला लागला. वस्ताद ओरडले, हात मिळाले, सलामी झाली, लावा कुस्ती!

विजय तेवढा वेळ उभा राहिला. मग आपला आपणच मागं गेला.

नारळ हैदरला.

तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर हैदरनं एकही डाव टाकला नाही. हे मी वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, व्हय, तुमच्या गड्यानं सवडच दिली न्हाई.

२४ फेब्रुवारी, सोमवार
मशीनचं चाक तडकलं आहे. ओतीव ते, चार वेळा त्यावरच पडला.

जनकाला हे सांगायचं दुपारपर्यंत टाळलं. तिनंच दुकानात येऊन बघितलं, तड्यावरून बोट फिरवलं. परवा लग्न, पाच ब्लाऊजं बाकी. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. हे डायरीत लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

ती चाक डोक्यावर घेऊन हैदरकडं गेली. मी धरतो म्हणालो, तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या, तुमच्या हातून अजून पडंल.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
हैदरनं पितळ वितळवून चाक जोडलं आणि स्वतः येऊन बसवलं. फेऱ्यागणिक टक् असा आवाज येतो, पण चालतं. सोबत अर्धा नारळही आणला होता. मी विचारलं, तुला काय द्यायचं? म्हणाला, काही नको भाऊ, फक्त अम्मीचा रेडिओ द्या. मी म्हणालो, अजून झाला नाही. तो म्हणाला, तसाच द्या, मी बघतो.

दिला. पुसून दिला.

पाटी उतरवायची आहे. आज वारा फार होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार
भिकाबाईच्या पोरीच्या लग्नाला जाऊन आलो. अकरा ब्लाऊजं वेळेत पोचली होती. पंगतीत एकानं वाढता वाढता विचारलं, इंजिनियरसाहेब, सलामी देऊन बसता का तसेच? भात पुन्हा मागितला नाही.

परत येताना हैदरच्या घरावरून आलो. अमिनाबींचा रेडिओ वाजत होता.

घरी आलो, शिडी लावली, पाटी उतरवली. जनका दारात उभी होती. तिनं शिडी धरली.

२ मार्च, रविवार
पाटीचा पत्रा चांगला निघाला, मागची बाजू कोरी. जनकानं मलाच रंगवायला बसवलं. मी 'जनकाबाई, शिलाई इंजिनियर' असं सुचवलं. तिनं नुसतं बघितलं. मग 'जनकाबाई, ब्लाऊज व झंपर शिवून मिळतील' असं लिहिलं. अक्षर उत्तम आलं आहे. मशीन आता दुकानात, दर्शनी बाजूला. माझं टेबल मागं सरकलं. ही तात्पुरती व्यवस्था आहे.

दिवसभरात सात बायका आल्या. सातही जणींनी मला विचारलं, बाई हायेत का?

संध्याकाळी मला हूक लावायचं काम मिळालं. बारीक काम आहे, सोल्डरिंग केलेल्या हाताला अवघड नाही. नऊ ब्लाऊजांना हूक लावले. एकही चूक नाही. पुढच्या जत्रेपर्यंत विजय-७६ ची चाकं रुंद करायची असा विचार मनात येत होता, तेवढ्यात जनकानं ब्लाऊजं तपासली आणि कात्री मागितली.

सहा उसवली.