खाणीतल्या टेम्पोची स्टेपनी

कासारवाडी,
१८ नोव्हेंबर २०२५

ज्ञानदेव,

सलाम आणि रामराम, दोन्ही घे. तू बरा असशील, वहिनींचे गुडघे ठीक असतील. औशाकडं यंदा नको तेवढा पाऊस झाला म्हणे, तुझ्या टायरच्या दुकानात पाणी शिरलं नसेल अशी आशा करतो. इकडं सगळं बरं आहे. तुझी भाभी बेगम अजून माझ्यावर ओरडते, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल. अकरा वर्षांत मी तुला तीन फोन केले, तिन्ही तू कापलेस. नबीला म्हणाली, "अब्बा, काकांना पत्र लिहा. फोन न बघता कापता येतो, पत्र फाडायला तरी हातात घ्यावं लागतं." पोरगी वकील झालीय, तिच्यापुढं कोण बोलणार!

हो, वकील! मुख्य बातमी तीच. आमच्या मुलाण्यांच्या खानदानात आजवर जो कोर्टाची पायरी चढला तो आरोपी म्हणून, नाहीतर साक्षीदार म्हणून. ही काळा कोट घालून चढते. तू हिला क्रेनच्या केबिनमध्ये मांडीवर घेऊन हॉर्न वाजवू द्यायचास, आठवतं? आता जज्जसमोर उभी राहून अशी बोलते की ऐकत राहावं. सकाळी कोट घडी करून स्कूटरच्या डिकीत ठेवते. मी म्हणतो, अगं घालून जा की, गल्लीला दिसू दे. ती म्हणते, घामानं खराब होतो. मग काय, गल्लीला सांगायचं काम माझ्याकडं. कुणी विचारो न विचारो, मी सांगतो.

क्रेन चालू आहे. निघोजेच्या शेडमध्येच उभी असते, पोलिसांचा फोन आला की निघायचं. चाकणचा ट्रॅफिक तू सोडून गेलास तेव्हा होता त्याच्या दुप्पट झालाय.

तुझं-माझं जे झालं त्यावर या पत्रात एक ओळ लिहायची नाही, असं ठरवून बसलोय. नबीलाचीच गोष्ट सांगतो.

ती मधुवंती मॅडम म्हणून एका वकीलबाईंच्या हाताखाली काम शिकते. दहा-बारा दिवसांपूर्वी त्यांच्याकडं एक फाइल आली. थेरगावचा बुद्धभूषण नावाचा तिशीतला गडी, स्वतःचा टेम्पो चालवतो, कंपन्यांना पार्ट पोचवतो. निघोजेत एका कंपनीच्या गेटबाहेर चहाला उतरला आणि टेम्पो गेला. वीस दिवसांनी पोलिसांना एका बंद दगडखाणीत सापडला. चोर नाही सापडला, गाडी सापडली. गडी पेढे घेऊन चौकीवर गेला. तिथं त्याला कळलं, की टेम्पो खाणीतून वर काढल्याचे क्रेनचे अठरा हजार त्यानंच द्यायचेत, आणि ते देईपर्यंत क्रेनवाल्यानं गाडीची स्टेपनी काढून ठेवलीय.

आता तू ओळखलंच असशील. क्रेनवाला मीच.

हसायचं तर हस. ही रीत माझीच, तुझ्यापासून काय लपवायचं. चोरीची गाडी ओढून आणली की पोलिसांच्या यार्डात सोडण्याआधी रस्त्यातच स्टेपनी उतरवून आपल्या शेडमध्ये ठेवायची, आणि मालकानं पैसे मोजले की परत द्यायची. ना लिहिणं, ना पावती. पोलिसही तिकडं बघायचे नाहीत, कारण बिल त्यांच्या गळ्यात पडत नव्हतं.

पण जमाना बदलला, राव, आणि ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. पूर्वी पंचनामा यार्डात व्हायचा, स्टेपनी उतरल्यावर. आता गाडी सापडेल तिथंच मोबाइलवर शूटिंग करून करतात. मी खाली खाणीत हूक लावत होतो आणि वर हवालदार यादी सांगत होता, टायर चार, स्टेपनी एक. मला पत्ताच नाही! मी सवयीनं स्टेपनी उतरवली. झालं, यादीत स्टेपनी आहे आणि गाडीत नाही, म्हणून बुद्धभूषणला टेम्पोचा ताबा मिळेना. ती क्रेनवाल्याकडं आहे हे चौकीत तोंडी सांगितलं, पण कागदावर कुणी लिहीना, वरून यार्डातल्या कुणीतरी शंका काढली, की हा गडी दोनदा गाडी बघायला आला होता, यानंच स्टेपनी नेली असेल. म्हणजे चोरी त्याचीच झाली आणि चोरही तोच ठरला.

नबीलानं फाइलमध्ये क्रेनचा नंबर वाचला. तशीच उठून मॅडमना म्हणाली, "हे माझे अब्बा आहेत. मी या फाइलला हात लावणार नाही." हे मला मॅडमनी नंतर सांगितलं. घरी आली ती चप्पल न काढता माझ्यासमोर उभी.

"अब्बा, स्टेपनी शेडमध्ये आहे?"

"आहे. पैसे दे म्हणावं आणि घेऊन जा."

"गाडी कुणाची चोरीला गेली?"

"त्याची."

"मग दंड त्याला का?"

मी भडकलो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. म्हटलं, "मग मी काय खाणीत फुकट उतरू? डिझेल तुझा कायदा भरतो का? चोराकडून घ्यावं तर तो सापडत नाही, आणि पोलिस म्हणतात मालकाकडून घ्या!"

"क्रेन कुणी बोलावली? पोलिसांनी. मंडप ज्यानं सांगितला त्यानं मंडपाचे पैसे द्यायचे, शेजाऱ्यानं नाही. तुमची मेहनत बुडवा असं मी म्हणत नाही, अब्बा. बिल सरकारला लावा, खेटे घाला, भांडा. पण ज्याचं आधीच गेलंय त्याची वस्तू अडकवून नाही."

मग आवाज खाली आणून म्हणाली, "गुरुवारी तारीख आहे. मी कुणाच्याच बाजूनं बोलणार नाही. तुम्ही उभं राहून सांगायचं, स्टेपनी माझ्याकडं आहे. नाही सांगितलंत तर मी काही करणार नाही. फक्त मग माझी मुलगी वकील झाली म्हणून कुणाला सांगत जाऊ नका."

घे! आता बोल! पोलिसांच्या ताब्यातल्या गाडीचा माल मी उचललेला. कबूल करावं तर गुन्हा माझ्यावर आणि चौकीचं काम कायमचं बंद. गप्प बसावं तर पोरगी घरात असून नसल्यासारखी. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. बेगमला विचारलं तर म्हणाली, "खाणीत उतरायला घाबरत नाही आणि खरं बोलायला घाबरता?" ती शाळेत चौथीपर्यंतच गेलीय, पण नबीलाची खरी गुरू तीच असणार.

गुरुवारी मी स्टेपनी घेऊनच कोर्टात गेलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, ज्ञानदेव, सगळ्या आवारातून ते चाक गडगडत नेलं. दारावरचा पोलिस म्हणाला, "चाचा, हे कुठं आत?" म्हटलं, "हिच्यासाठीच तर तारीख आहे." त्यानं चाक दारापाशी ठेवून घेतलं, मला आत सोडलं. नबीला शेवटच्या बाकावर बसली होती. माझ्याकडं बघत नव्हती.

पुकारा झाला. बुद्धभूषणकडून मधुवंती मॅडम उभ्या राहिल्या, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मी हात वर करून म्हणालो, "स्टेपनी या पोरानं नेली नाही. माझ्याकडं आहे. मी काढली."

जज्ज बाईच होत्या, तरुण. त्यांनी विचारलं, "कुणाच्या परवानगीनं?"

"कुणाच्याच नाही. रीत आहे."

"दुसऱ्याची वस्तू न विचारता ठेवून घेणाऱ्याला काय म्हणतात, माहीत आहे का?"

माहीत होतं. तो शब्द मी आयुष्यात एकाच माणसाला तोंडावर म्हटलाय.

तर आता लिहितोच. ठरवलं होतं ते गेलं खड्ड्यात. मंचरच्या त्या कांदेवाल्याची पिकअप. तिची स्टेपनी तू शेडमधून काढून त्याला परत दिलीस, एक पैसा न घेता. म्हणालास, "मीरासाहेब, ज्याचं गेलं त्यालाच लुटायलास का?" आणि मी कासारवाडीच्या चौकात दहा माणसांदेखत म्हणालो, की तू ती परस्पर विकून खाल्लीस, चोर आहेस. तू हात पुसलेस, भागी तशीच सोडलीस आणि औशाची एसटी धरलीस.

हे सगळं कोर्टात सांगितलं. जज्जबाई म्हणाल्या, "याचा या अर्जाशी काही संबंध नाही."

म्हटलं, "अर्जाशी नाही, माझ्याशी आहे."

बाई म्हणाल्या, "बोला, पण थोडक्यात." मी खणखणीत आवाजात बोललो, "माझा भागीदार ज्ञानदेव रामराव सूर्यवंशी याला मी चोर म्हणालो होतो. तो चोर नव्हता. माझा गैरसमज झाला होता." तुझं नाव पूर्ण घेतलं, बापाच्या नावासकट.

बुद्धभूषणला त्याच दिवशी टेम्पो मिळाला. क्रेनचा खर्च मालकाकडून घ्यायचा नाही, मी पोलिस खात्याकडं अर्ज करायचा, असं ठरलं. अर्ज दिलाय. पैसे मिळतील तेव्हा मिळतील, माझ्या हयातीत मिळाले तर तुला पेढे पाठवीन. मला लेखी समज मिळाली, तेवढ्यावरच निभावलं, गुन्हा नोंदवला नाही. चौकीचा फोन मात्र गुरुवारपासून आलेला नाही. न येवो. चाकणला बंद पडणाऱ्या ट्रकांना काय तोटा आहे?

बाहेर टपरीवर पाच-सहा वकील चहा पीत होते. माझे हात टायरनं काळे झालेले, म्हणून मी लांबून निघालो होतो. नबीला धावत आली, तोच काळा हात धरून मला त्यांच्यात ओढत नेलं आणि म्हणाली, "हे माझे अब्बा. आत्ता आत उभे राहिले ना, ते." सगळ्यांनी माझ्यासाठी जागा केली, ज्ञानदेव. एकानं स्वतःचा ग्लास पुढं केला. इतकी वर्षं मी तिच्यामुळं छाती फुगवून फिरलो, त्या दिवशी ती माझ्यामुळं फिरत होती. मी तिथंच रडलो, लाज कसली?

पाच दिवस झाले, ती सगळ्यांना हीच गोष्ट सांगते. मोहल्ल्यात, मॅडमच्या ऑफिसात, मावशीला फोनवर. "अब्बांचा गैरसमज झाला होता, पण भर कोर्टात चूक मान्य केली." दर वेळी ऐकतो आणि दर वेळी उठून बाहेर जातो. कारण गैरसमज वगैरे काही नव्हता. कांदेवाल्याला तू स्टेपनी देत होतास तेव्हा मी समोरच्या पंपावर डिझेल भरत होतो. सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. तू माझ्यापेक्षा चांगला माणूस आहेस हे दहा जणांना कळेल, ते मला सहन झालं नाही, म्हणून चोर म्हणालो.

एवढं मात्र मला कोर्टात बोलता आलं नाही. पत्र पोस्टात टाकायला नबीलाकडं देतोय, पाकीट न चिकटवता. ती वाचल्याशिवाय राहणार नाही.

तुझा, तू म्हणशील तरच,
मीरासाहेब