तक्रार करा, नाव सांगू नका

३ एप्रिल २००५, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पुढे माझ्यावर कोणी संशोधन करायला घेतलं तर त्याची सोय.

निश्चय: शहापूर तालुक्यासाठी तक्रारींची वेबसाइट काढायची. कोणीही यावं, तक्रार टाकावी, नंबर घ्यावा, त्या नंबरावर पुढे काय झालं ते बघावं. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, नाव नाही. माणूस नाव द्यायला घाबरतो म्हणून कामं अडतात, असं माझं ठाम मत आहे. पौर्णिमाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, इथे कोण घाबरतंय? स्टँडवर उभे राहून नावानिशी शिव्या घालतात एकमेकांना. बायकोला प्रायव्हसी हा विषय कळत नाही. प्राथमिक शिक्षिका आहे, तिचाही इलाज नाही.

६ एप्रिल

काम सुरू. लाइट गेली. काम बंद.

११ एप्रिल, दुपार

माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या पायरीवर सकुबाई कैऱ्या घेऊन बसते. डोळखांबच्या पुढे तिचा पाडा. आज म्हणाली, मास्तर, आमच्या पाड्यातली बोरिंग होळीपासून बंद हाय, पाणी झऱ्यावरनं आणावा लागतो, नि माझ्या पोरीचा, लहानीचा लगीन पंचवीस मेला. पावण्यांना पाणी काय दाखवू? तुमी शिकलेलं, साहेबाकडं जरा संगती चला.

पाण्याच्या साहेबांचं ऑफिस माझ्या क्लासपासून दोन मिनिटांवर आहे. तरीही मी नाही म्हटलं. ओळखीने काम करून घ्यायचे दिवस गेले, हे तिला समजावलं. थोडं थांब, घरबसल्या तक्रार करशील, असं सांगितलं. ती म्हणाली, मी तर बाजारात बसल्ये. मुद्दा तिच्या लक्षात आला नाही.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत सगळ्यांना वेबसाइटबद्दल सांगितलं. डीजेमुळे कोणाला ऐकू गेलं नाही, पण माना सगळ्यांनी हलवल्या.

२२ एप्रिल

मराठी फाँट माझ्या मशीनवर उत्तम. दुसरीकडे नुसते चौकोन दिसतात. तक्रारी इंग्रजी अक्षरांत लिहायच्या असा निर्णय. लोक शिकतील.

फॉर्ममधून नाव काढलं, मोबाइल नंबर काढला. मग वाटलं, गावावरूनसुद्धा माणूस ओळखू येतो. गावही काढलं. आता फक्त तक्रार उरली. सोपेपणा यालाच म्हणतात.

पौर्णिमाने विचारलं, मग मेकॅनिक जाणार कुठे? ही बाई प्रत्येक गोष्टीत खोट काढते. शाळेला सुट्टी लागल्यापासून जास्तच.

१ मे, महाराष्ट्र दिन

ऐतिहासिक दिवस.

झेंडावंदन आटोपून पाण्याचे साहेब स्वतः क्लासवर आले. पेढे, हार, वीस-पंचवीस माणसं. पहिली तक्रार सकुबाईची. ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. 'आमच्या पाड्यातली बोरिंग बंद.' तक्रार क्रमांक एक. मग तो नंबर टाकून शोधून दाखवला. साहेब म्हणाले, वा. काम झाल्यावर काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सोपं आहे, हे मोठं हिरवं बटण दाबायचं. दाबून दाखवलं. पडद्यावर 'निकाली' आलं. टाळ्या.

सकुबाईने पेढा पदराला बांधून घेतला. लहानीसाठी.

४ मे

प्रतिसाद तुफान. नऊ तक्रारी. वडापाव बारीक झाला. कॉम्प्युटर क्लासवाला मास्तर शिकवताना झोपतो. रिक्षावाले सुटे देत नाहीत. कॉम्प्युटर क्लासमध्ये पंखा एकच आहे नि तो मास्तरवर आहे. अशा साधारण.

लॉगिन नाही म्हणून लोक मोकळे होतायत. शिवाय कोणीही शोधू शकतो, त्यामुळे सगळ्या बाजाराने वाचलं. पारदर्शकता आहे. पंखा थोडा फिरवला.

९ मे

आज आकडेवारी काढली. बसलेला उठून उभा राहिलो. आलेल्या सगळ्या तक्रारी निकाली. सगळ्या. सरकारी यंत्रणेला फक्त एक धक्का हवा होता.

खाली उतरून सकुबाईला म्हटलं, झालं तुझं काम. ती म्हणाली, कवा झाला? मी आज पहाटं झऱ्यावरनंच पाणी आणलाय. मी म्हटलं, तू बाजारात आल्यावर झालं असेल, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, ती कैऱ्या मोजायला लागली.

शनिवारी कॅमेरा घेऊन पाड्यावर जायचं. पाण्याची धार, मागे लहानी, बाजूला मी. फोटो पेपरला देऊ.

१४ मे, शनिवार

पाड्यावर जाऊन आलो. डोळखांबपर्यंत जीप, पुढे पायी. उन्हाने जीव गेला. पोचल्या पोचल्या सकुबाईने तांब्या दिला. घटाघटा प्यालो. अजून मागितलं. तेही प्यालो.

मग बोरिंगवर गेलो. दांडा मारला. खट्‌खट्. पुन्हा मारला. खालून नुसती हवा. पाड्यातली पोरं हसायला लागली, कारण एवढ्या जोराने तो दांडा होळीनंतर कोणी मारला नव्हता.

तेवढ्यात लहानी झऱ्यावरून आली. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, अंग घामाने भिजलेलं. लग्नाला दहा-अकरा दिवस राहिलेली मुलगी. झरा कुठे आहे म्हणून विचारलं, तर तिने डोंगराच्या खालच्या अंगाला हात दाखवला. मी प्यालेलं पाणी तिथलं होतं. मला लाज वाटली. हे लिहून ठेवतो, कारण माझ्या बाबतीत ते वारंवार होत नाही.

फोटो काढला नाही. सेल संपले होते, असं पेपरवाल्याला सांगणार.

१६ मे

साहेबांना भेटलो. सकुबाईच्या तक्रारीचं काय झालं, असं जरा आवाज चढवूनच विचारलं. ते म्हणाले, मास्तर, ती तर तुम्हीच माझ्यासमोर निकाली काढलीत. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्याच दिवशी आमच्या यादीतून कमी केली.

परत येऊन मशीन उघडलं. हिरवं बटण सगळ्यांनाच दिसतं. नंबर शोधायला येणारा प्रत्येक जण ते दाबून जातो. सगळ्यात मोठं तेच आहे. रंग मीच निवडला होता.

निकाली निघालेली तक्रार परत उघडायची सोय मी केलेली नाही. एवढी वाईट वेळ येईल असं डिझाइन करताना वाटलं नव्हतं.

१७ मे

नवीन तक्रार टाकली. चहा पिऊन येईपर्यंत निकाली.

१८ मे

तत्त्वाला मुरड घालून बटणाला पासवर्ड लावला. दुपारी पासवर्ड विसरलो.

सकुबाई दोन दिवस पायरीवर नाही. पौर्णिमाही सकाळी जीपने कुठे गेली ते सांगून गेली नाही. विचारलं तर म्हणाली, सुट्टी आहे, फिरून आले.

१९ मे, गुरुवार

साहेबांच्या ऑफिससमोर गर्दी, म्हणून बघायला गेलो. पाड्यातल्या सगळ्या बायका आलेल्या. व्हरांड्यात रिकाम्या हंड्यांची रांग. आत जायला वाट नाही. मधोमध लहानी, पुढ्यात लग्नातली नवी कोरी भांडी, अजून चिंचेचा हात न लागलेली. आणि बाजूला, सावलीत, पौर्णिमा.

साहेब बाहेर आले. म्हणाले, तक्रार कोणाची, नावं सांगा. सकुबाई म्हणाली, वाचा की, हंड्यांवर हायत.

खरंच होती. आपल्याकडे भांडं घेतलं की दुकानातच नाव कोरून घेतात, त्यात नवीन काय. साहेबांनी चष्मा लावला नि वाकून वाकून वाचत गेले. 'सकुबाई सावळाराम, मु. पो.' पुढे गावाचं नाव. 'रखमी हिस भावाकडून.' 'चि. सौ. कां. लहानी हिस मावशीकडून सप्रेम भेट.' तिथे ते थांबले. लग्न कधी, म्हणाले. पंचवीसला, लहानी म्हणाली, आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. साहेबांनाही मुली आहेत.

तासाभरात मेकॅनिक, पाइप आणि जीप निघाली. जाताना साहेबांनी मला विचारलं, मास्तर, तुम्ही कोणाकडून? माझ्या हातात हंडा नव्हता. मी म्हटलं, निरीक्षक.

२१ मे

बोरिंग सुरू. आधी तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. पौर्णिमाने सांगितलं. वेबसाइटवर मला हे नोंदवता आलं नाही, पासवर्ड अजून आठवत नाही. तसंही तिथे एक तारखेपासून निकालीच आहे.

२५ मे, बुधवार

लहानीचं लग्न. पाण्याची ददात नाही, पाव्हणे खूश.

आमच्याकडून पितळेची कळशी दिली. पौर्णिमाने शहापुरातूनच नाव घालून आणलेली. देताना वाचलं. 'लहानी हिस पौर्णिमाताईकडून.' मी तिला बाजूला घेऊन विचारलं, माझं नाव? ती म्हणाली, तुम्हाला नाव नको असतं ना.

मी म्हटलं, जागा कमी असेल. ती म्हणाली, जागा भरपूर होती.

पुढे पंगती बसल्या. माझ्या हातात पाण्याचा जग देऊन मला वाढायला उभं केलं. दुसऱ्या पंगतीत मुरबाडकडचा एक म्हातारा मला निरखून बघत होता. म्हणाला, तू कोण रं, नाव काय तुजा?

मी त्याला नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, आडनाव, गाव, क्लासचा पत्ता, सगळं सांगितलं. त्याने तेवढं विचारलं नव्हतं. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, बरा. मग पेला पुढे केला आणि म्हणाला, पाणी घाल.