चार लिटरचा नेम

शिवाजी पेठ, कोल्हापूर
गुरुवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप रुद्राप्पा दाजी यांना धाकटा मेहुणा मल्लेश याचे शरणु शरणार्थी.

अक्कालाही नमस्कार सांगा. इकडं मी, निर्मला आणि प्रभुलिंग असे तिघेही खाऊनपिऊन सुखी आहोत. (त्यातल्या पिण्याबद्दलच पुढं लिहायचं आहे.) गडहिंग्लजला पाऊसपाणी कसं आहे, दुकानात बियाण्याला उठाव कसा आहे आणि मुख्य म्हणजे तुमची तब्येत कशी आहे, ते खरंखरं कळवा. फोन करायचा सोडून हा कुठं पत्र लिहीत बसला, असं तुम्हाला वाटंल. पण दाजी, तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागं मी माझ्या मूळव्याधीचं सांगितलं, तर सोयाबीनचं बी घ्यायला आलेल्या अनोळखी माणसांनी मला तिथूनच औषधं सुचवली. (त्यातलं एक लागू पडलं, ते सोडा.) म्हणून हे पत्र. दुकानात गादीवर बसून मोठ्यानं वाचू नका, घरी नेऊन वाचा.

तर, दिवाळीला तुम्ही आमच्याकडं आला होता तेव्हाचं तुमचं पाणी पिणं अजून माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही. भरलेला पितळी तांब्या तुम्ही उचललात, मान मागं टाकलीत आणि ओठ न लावता वरून धार सोडलीत. घशाचा आवाज नाही, मिशीला थेंब नाही, मधे श्वास घ्यायलासुद्धा थांबणं नाही. निर्मला हातातलं लाटणं तसंच धरून बघत राहिली. तांब्या रिकामा करून तुम्ही लगेच दुसरा मागितलात आणि मला म्हणालात, “मल्लेश, माणसानं रोज चार लिटर पाणी पोटात घातलंच पाहिजे. नीरु कुडी, पाणी पी. निम्मी दुखणी तिथंच संपत्यात.” बोलल्यासारखं वागणारी माणसं मी पाहिली आहेत. पण पाणी प्या म्हणणारी माणसं स्वतः चहा पीत असतात, हा माझा अनुभव. तुम्ही मात्र चार सांगून स्वतः पाच पिणारे. त्याच दिवशी मी ठरवलं, की आता आपणही दाजींच्या वाटेनं जायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी शिरोलीला कारखान्यात जाताना चार लिटरचा कॅन न्यायला लागलो. आमचं स्टोअर तुम्ही पाहिलं आहे. मी एकटा माणूस, आणि बाहेर जाताना कुलूप लावायचा नियम. कॅन माझ्या टेबलावर आणि मुतारी शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, मधे सगळं ओतकाम. आता चार लिटर आत गेलं की ते बाहेर यायला बघणारच, त्यात त्याचा दोष नाही. मी कुलूप लावून निघायचो, परत यायचो, तोवर दारात हातमोजे आणि बेअरिंगं मागायला रांग लागलेली असायची. चारचौघांना सामान दिलं की पुन्हा निघायचो. शेवटी साहेबांनी बोलावून अगदी मायेनं विचारलं, की मल्लेशराव, तुम्हाला स्टोअर तिकडंच हलवून देऊ का. भट्टीवरचा इंजिनिअर प्रसेनजीत (तुम्ही त्याला ओळखता, दिवाळीला फराळाला आला होता, चिवड्यातले काजू वेचणारा) म्हणाला, तू पाणी प्यायचं कमी कर. मी म्हटलं, दाजींचा शब्द आहे.

आणि मग पन्हाळ्याचं प्रकरण झालं. आमच्या प्रभुलिंगला पन्हाळ्याची सौंदर्या नावाची मुलगी सांगून आली होती. तालुका कचेरीत नोकरी, घर आपल्यातलंच, मुलगामुलगी एकमेकांशी बोललेलेसुद्धा. फक्त थोरामोठ्यांनी बसून होकार द्यायचा होता. प्रभुलिंगनं त्या मुलीवर किती जीव टाकला होता हे आम्हाला त्याच्या इस्त्रीवरून कळत होतं. जन्मात ज्यानं शर्टाकडं पाहिलं नाही, तो आता सकाळी पायमोज्यांना इस्त्री करायचा. मला त्यानं एकच विनंती केली होती, की पप्पा, आज तेवढा कॅन घरी ठेवा. मी ठेवला. पण नेम मोडू नये म्हणून निघण्यापूर्वीच निम्मा कोटा पोटात घालून घेतला. तिथंच चूक झाली.

प्रसेनजीतची गाडी होती. रविवार असल्यानं पन्हाळा बघायला निघालेली सगळी दुनिया आमच्या पुढं. वाघबीळच्या पुढं गाड्या जागच्या जागी थांबल्या. मी एकदा उतरलो, आडोसा बघितला. परत येईपर्यंत गाड्या सुटल्या होत्या, आणि मला नव्या झब्ब्यासकट प्रसेनजीतच्या गाडीमागं चढावर पळावं लागलं. मागच्या जीपमधली पोरं टाळ्या वाजवत होती. निर्मलानं काच खाली करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वर केली. दाजी, ती बोलली असती तर बरं झालं असतं.

बैठक चांगली रंगली. पोहे आले, ओळखी निघाल्या. मी पहिल्यांदा उठलो तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा उठलो तेव्हा सगळ्यांनी सौजन्यानं खिडकीबाहेर बघितलं. पुन्हा उठायची वेळ आली, तेव्हा नेमकं मुलीचे वडील त्यांच्या स्वर्गवासी आईची आठवण सांगत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मी उठलो. परत येऊन बसलो. मुलीचे मामा, गुंडूमामा म्हणतात त्यांना, घसा खाकरून म्हणाले, “पावणं, राग मानू नका, पोरीच्या जन्माचा सवाल हाय म्हणून इचारतो. घराण्यात शुगर हाय काय?”

मी म्हणालो, “न्हाई वो. आमच्या दाजींनी सांगितलंय.”

प्रभुलिंगचा चेहरा पोह्यांवरच्या खोबऱ्यासारखा पांढरा पडला. पोराचं लग्न माझ्या मूत्राशयापायी मोडतंय असं दिसायला लागलं आणि त्या क्षणी, खोटं कशाला बोलू, मला तुमचा राग आला. पण आता ऐका. ती सौंदर्या आतून आली, माझी खुर्ची उचलली आणि परसदाराजवळ नेऊन ठेवली. म्हणाली, “काका, हितं वारं चांगलं येतंय. हितंच बसा.” आणि मला चहा आणून दिला तो अर्धा कप, बाकीच्यांना पूर्ण. पुढच्या वेळी मी केव्हा उठलो आणि केव्हा बसलो ते कुणाला कळलंसुद्धा नाही. गाडीत बसल्यावर निर्मला सकाळपासून पहिलं वाक्य बोलली, की ही मुलगी हातची गेली तर मी तुम्हाला रंकाळ्यावर नेऊन सोडीन, प्या म्हणावं किती प्यायचं ते.

गुंडूमामांचं समाधान करणं भाग होतं. म्हणून आमच्या पेठेतल्या डॉक्टर पूर्णिमाताईंकडं जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. शुगर नाही, मूत्रपिंडं उत्तम. त्यांनी विचारलं, मग होतंय काय. मी कॅनची हकीकत सांगितली. हसून झाल्यावर त्यांनी जे समजावलं ते तुम्हालाही कळवतो, कारण पाण्यातलं जाणणारा माणूस आमच्या सगळ्या पाव्हण्यांत तुम्हीच. त्या म्हणाल्या, सगळ्यांना एकच माप लावायचं नसतं. प्रसेनजीतसारखा भट्टीपुढं घाम गाळणारा माणूस चार लिटर पिऊनही कमीच पडंल, आणि पंख्याखाली बसून हातमोजे वाटणाऱ्याला दोन-अडीच लिटर पुष्कळ झालं, त्यातही आमटी, ताक, काकडी, चहा यांतलं पाणी धरायचं. तहान लागली की प्यायचं, उन्हातानात आणि कष्टात तहानेच्या थोडं आधी प्यायचं, म्हाताऱ्यांना तहान कळत नाही म्हणून आठवण करायची. लघवी फिकट पिवळी असली की भागतंय असं समजायचं. हृदयाचं, किडनीचं दुखणं असणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि तहान नसताना बळंबळं ओतत राहिलं तर अंगातलं मीठ पातळ होऊन माणूस आजारी पडतो, क्वचित जिवावरही बेततं. पाण्यानं असं होतं हे मला माहीत नव्हतं.

तर कॅन आता निर्मलानं तुळशीपाशी ठेवला आहे. रिपोर्ट गुंडूमामांना दाखवले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, “मग बसा की निवांत, पोरगी तुमचीच.” साखरपुडा पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, पन्हाळ्यालाच ठरला आहे. घरातलं थोरलं माणूस म्हणून विडा तुम्हीच उचलायचा आहे. प्रभुलिंग म्हणतो, आत्याचे मालक नसतील तर मी उभाच राहणार नाही.

बाकी सगळं क्षेम. तुमच्या शब्दाखातर चढावर पळालेला,
मल्लेश

ता. क. : साखरपुड्याची वाट बघू नका, पुढच्या आठवड्यात गुरुवारीच इकडं या. कारण सांगतो. पूर्णिमाताईंना मी तुमचं फार कौतुक सांगितलं. पाच लिटर पितात, तरी घसा कोरडाच म्हणतात, पुन्हा तांब्या मागतात, वगैरे. मला वाटलं त्या थक्क होतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “असं किती दिवस चाललंय? वजन उतरलंय का त्यांचं?” मला सांगता येईना. घरी येऊन अक्काला फोन केला (तिच्या फोनवर, स्पीकर नसलेल्या). ती म्हणाली रात्रीतून सारखं उठता, पट्ट्याला नवं भोक पाडलंय, आणि काही बोललं की पाण्यानं चरबी झडली म्हणून सांगता. दाजी, अक्का फोनवर रडली. ती स्वतःच्या लग्नात रडली नव्हती, आमच्या आईनं चिमटे काढले तरी. शुगरची तपासणी करायची आहे. तेवढ्यासाठीच हे एवढं लांबलचक पत्र लिहिलं, नाहीतर साखरपुड्याचं निमंत्रण चार ओळींत मावलं असतं.

ता. क. २ : तुमचं कौतुक केलं ते मात्र सगळं मनापासून केलं आहे. तपासणीत काही निघालं तरी ते मागं घेणार नाही. आणि तुम्ही आमचे जावई, तुमचं रक्त वेगळं, तेव्हा गुंडूमामा काय म्हणतील ही सबब चालणार नाही.

ता. क. ३ (हे निर्मला लिहीत आहे) : दाजी, पूर्णिमाताईंकडं पुढच्या शुक्रवारी सकाळची वेळ घेतली आहे. आदल्या रात्री जेवून झोपायचं आणि सकाळी काही न खाता दवाखान्यात यायचं. चहासुद्धा नाही. साधं पाणी चालतं म्हणाल्या, तेव्हा तुमची तक्रार असायचं कारण नाही. अक्काला घेऊन या. भाकरी-पिठलं करून ठेवते.