शनिवारची पिशवी

४ मार्च

पितळी वजन टेबलावर नाही! दोनशे ग्रॅमचं, वर बोंडासारखी मूठ. प्रयोगशाळेतून बाद झालं तेव्हा साहेबांनी मला दिलं होतं. टेबल पुसायचं राहिलं होतं. धुळीत स्वच्छ गोल तेवढा उरला आहे.

बाहेरचं कोणी आलं नाही. शनिवारी फक्त तो आला होता, खारूला न्यायला. ती चपला शोधत होती तेवढा वेळ टेबलाशीच उभा होता.

५ मार्च

वकीलबाईंना सहज बोलले, तर त्यांनी पेनच उचललं. "घरातल्या वस्तू न विचारता नेतो. घालू या अर्जात."

"एक जुनं वजन आहे हो."

"आज वजन, उद्या कपाट!"

सही केली.

घटस्फोटाबद्दल आमचं दुमत नाही, तो अर्ज दोघांनी मिळून केला आहे; हा अर्ज वेगळा. भांडण शनिवारच्या रात्रीचं. तात्पुरत्या आदेशाने खारू त्या रात्री त्याच्याकडे झोपते. तो नाटकांना प्रकाशयोजना करतो. प्रयोग संपवून घरी येईपर्यंत पोरीजवळ तिची आत्या असते. सहा वर्षांचं मूल. जाग आली तर आईही नाही, बापही नाही — हे मला मान्य नाही. रात्र बंद व्हावी, एवढीच माझी मागणी.

११ मार्च

खारूला विचारलं, वजन पाहिलंस? तिने नाही म्हणून मान हलवली. मग स्वतःची पिशवी आवरायला गेली. तिची पिशवी तीच भरते, तीच रिकामी करते. शिस्त मीच लावली आहे.

१९ मार्च

कोर्ट. आमचा पुकारा व्हायला वेळ होता म्हणून मागच्या बाकावर बसून राहिले. कंटाळा येईल असं वाटलं होतं. तोंडात बोट घालायची वेळ आली!

आमच्या आधीचं जोडपं मुलाच्या शाळेवरून भांडत होतं. आईला एक शाळा हवी, बापाला दुसरी. दोन्ही वकील घसा ताणून बोलत होते. न्यायाधीश बाईंनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही अडवलं नाही. मग आईबापांकडे बघून साध्या आवाजात विचारलं, "आत्ताच्या शाळेत त्याच्या शेजारी कोण बसतं?"

आई बापाकडे बघते, बाप आईकडे. दोघांनाही माहीत नाही.

"विचारून या. मग बोलू."

संपलं! एक प्रश्न, आणि दोन्ही वकील खाली बसले. मापन-उपकरणं तपासणं माझं काम आहे. चांगलं उपकरण कसं असतं ते मला कळतं. आवाज करत नाही.

घरी येताना खारूला शाळेतून घेतलं आणि हळूच विचारलं, तुझ्या शेजारी कोण बसतं गं? "दात पडलेली," म्हणाली. मला माहीत नव्हतं.

२ एप्रिल

त्याचं लेखी उत्तर आलं. बाकी सगळं नाकारलं आहे. वजनापुढे एकच वाक्य — ते मी नेलं.

वकीलबाईंचा आनंद गगनात मावेना. "अहो, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला त्यांनी!"

मलाही बरं वाटायला हवं होतं. पण त्याला पितळ कशाला? घरातून निघताना त्याने स्वतःचं कपाटसुद्धा नेलं नव्हतं.

न्यायाधीश बाईंचा निरोप: पुढच्या तारखेला मुलीला आणा. शनिवारची पिशवी, ती नेहमी भरते तशी भरलेली, बरोबर आणा.

१६ एप्रिल

नीट लिहून ठेवते.

बाईंच्या खोलीत आम्ही तिघं. वकिलांना बाहेर काढलं — "तुम्ही चहा घ्या." आम्हा दोघांना भिंतीशी खुर्च्या. "बोलायचं नाही. खोकला आला तर बाहेर जाऊन."

मग काळा कोट काढून खुर्चीला अडकवला आणि बाई चक्क खाली सतरंजीवर बसल्या. खारू समोर. मला वाटलं, आता तो प्रश्न येणार — आईकडे राहायचं की बाबांकडे?

बाईंनी विचारलंच नाही. स्वतःची पर्स उलटी केली! कंगवा, खोकल्याच्या गोळ्या, एक किल्ली.

"ही कशाची?" खारूने विचारलं.

"माझ्या आईच्या घराची. ते घर आता नाही."

"मग कशाला ठेवली?"

"असू दे म्हणून."

खारूने जरा विचार केला. मग न सांगता आपली पिशवी उघडली. फ्रॉक, ब्रश, एक पिवळा जिलेटिन कागद, नाटकाच्या दिव्यापुढे लावतात तो. "हा बाबांचा. आईकडे असले की यातून खिडकी बघते." मग तळातून एक मोजा. मोज्यात काहीतरी जड.

मला बघायच्या आधी कळलं.

"हे आईचं. बाबांकडे उशीखाली ठेवते. उघड्या हाताने धरायचं नाही, हाताचं तेल लागतं. म्हणून मोजा."

हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. प्रयोगशाळेतलं मी फोनवर कुणाला तरी सांगत असणार.

"जड होत नाही?"

"होतं ना. जड असलं की कळतं, आहे म्हणून."

बाईंनी हात पुढे केला नाही. वजन बघितलं, मान डोलावली, आणि आपली किल्ली पर्समध्ये टाकली. खारूनेही आपलं भरायला घेतलं. एवढंच! आयुष्यभर मोजमापं केली, असं मोजणं पाहिलं नाही — समोरच्याला धक्का न लावता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो सतरंजीकडे बघत होता. त्याला माहीत होतं.

१७ एप्रिल

टेबल पुसलं नाही. गोल तसाच आहे.

१८ एप्रिल

तो न्यायला आला. खारू चपला शोधत होती. मी दारातच विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच शनिवारी. चादर बदलताना दिसलं. परत ठेवलं."

"मग चोरी स्वतःवर का घेतलीस? सांगायचं ना सरळ!"

"ते तिचं गुपित होतं. मी कसं सांगणार?"

"केस हरला असतास."

"हो," म्हणाला. मग म्हणाला, "रात्री जाग आली की मोजा चाचपते आणि झोपते. ताई सांगते."

माझी भीती होती ती हीच रात्र. पोरीने आधीच तोडगा काढला होता, माझ्याच टेबलावरून.

३० एप्रिल

कोर्टात मीच उभी राहिले. आरोप मागे, रात्रीबद्दलची हरकत मागे. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला — "जिंकत आलेली केस, बाई!"

न्यायाधीश बाईंनी कारण विचारलं नाही. लिहून घेतलं. शनिवार कायम झाला. निघताना मी नकळत मान लववली. कुणापुढे लववत नाही मी.

२ मे

खारू चपला शोधत होती. मी पाहिलं म्हणून असेल, तिने कालच वजन गुपचूप टेबलावर परत आणून ठेवलं होतं. मी ते उचललं, तिच्या पिशवीच्या तळाशी ठेवलं.

उघड्या हाताने. लागू दे हाताचं तेल.