रुखवतात गेलेली पेटी

लोणंद,
हनुमान जयंती, १९७७

साडूबुवा नाथाजीराव यांस आकारामचा मनापासून रामराम.

इकडे आम्ही खुशाल, गिरणी खुशाल. पट्टा तेवढा तुटला होता, तोही काल बसवला. तुम्ही सुटून सांगलीस घरी पोचल्याचं कळताच चंद्रानं मारुतीपुढं नारळ फोडला (तो नासका निघाला म्हणून दुसरा फोडला, तुमच्यासाठी एवढं करतो आम्ही). तब्येत कशी आहे? अंगावर मांस उरलं नसलं तरी काळजी नको, मेहुणी विजयमालाच्या हातचं खाऊन पंधरवड्यात भरून याल.

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या दिवसांनी माणूस तुरुंगातून बाहेर येतो आणि साडूला काय लिहितो, तर "पेटी सुखरूप आहे ना?" साडू सुखरूप आहे का, हे पुढच्या कार्डावर विचारणार असाल. असो. पेटी सुखरूप आहे. एक पुस्तक कमी नाही, उंदीर नाही, वाळवी नाही. फक्त ती माझ्याकडे नाही. घाबरू नका, खाली बसून पुढचं वाचा.

तुम्हाला आत नेलं त्या आठवड्यात मेहुणीनं ती हिरवी पत्र्याची पेटी ज्वारीच्या पोत्यांआड लपवून माझ्याकडे धाडली. मी झाकण उचलून पाहिलं. लोकशाही, विषमता, सामाजिक न्याय, जमीन कुणाची आणि घाम कुणाचा. एकेक पुस्तक पाट्याएवढं जड. त्यात वावगं काही नसेलही, पण आणीबाणीच्या त्या दिवसांत कोण कशाचा काय अर्थ काढील याचा नेम नव्हता. (बाजारात पोती वाहून मी ही गिरणी उभी केली ती कान उघडे आणि तोंड मिटून. चक्कीच्या घरघरीतही बायकांची कुजबूज मला ऐकू येते, आणि त्या साली तर सगळा बाजारच कुजबुजत होता.) म्हणून पेटी माजघरात ठेवली, वर गोधड्या टाकल्या आणि चंद्राला सांगितलं, आत नाथाजीचे जुने कोट आहेत. तिला पेटीचा घाट एवढा आवडला की आमच्या शकूच्या लग्नासाठी त्याच रंगाची, तेवढीच पेटी तिनं करून घेतली. आता पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. प्राध्यापक आहात.

लग्न गेल्या वैशाखात झालं. व्याही वडूजचे, पेन्शनीत आलेले सुभेदार अर्जुनराव. मोठा मानी माणूस. पानातली सुपारी बारीक कातरली म्हणून वऱ्हाड माघारी नेईल असला. शेजारी त्यांचा मावसभाऊ, फौजदार, साध्या कपड्यांत जिलबी खात बसलेला. आमच्या भावकीतल्या गड्यांनी रुखवत आणताना दोन्ही पेट्या उचलून पाहिल्या आणि जड असेल तीच शकूची, असा न्याय लावून तुमची पेटी मांडवात नेली. लाडू, कुरडया, शेवया मांडून झाल्या. मग चंद्रानं विहीणबाईंना, म्हणजे अंबूबाईंना, हात धरून आणलं, "या, बघा आमच्या शकूची पेटी," म्हणाली आणि ऐटीत झाकण उघडलं.

सनईवाल्यानंसुद्धा फुंक आवरली. वरच्याच पुस्तकावर 'विषमता' हा शब्द कोहळ्याएवढ्या अक्षरांत. नवऱ्याच्या आत्यानं तोंडाला पदर लावला, "आगं बया, लुगडी कुटं हायती?" फौजदारानं जिलबी खाली ठेवली. सुभेदार उठले, "व्याही, ही चेष्टा समजायची का?" इकडे पोरीचं लग्न मोडायला निघालेलं, तिकडे फौजदाराचा चिकट हात तुमच्या पुस्तकाकडे निघालेला. आणि तेवढ्यात हे कान कामाला आले. अंबूबाई जावेच्या कानाला लागल्या होत्या, "मला तर बरं वाटलं बाई. घरात वाचणारं मानूस येतंय. न्हाईतर ह्ये सांगतील तेवढंच जग."

मी पागोटं सारखं केलं. "चेष्टा कसली, सुभेदार? हा विहिणीचा मान आहे. लुगडी कुणीही देतं. आमची शकू रोज दुपारी सासूबाईंना एकेक पान वाचून दाखवील." फौजदारानं पुस्तक चाळलं, "चित्रं न्हाईत व्हय," म्हणाला आणि जिलबीकडे परतला. (साडूबुवा, ह्या तुमच्या लेखकांनी चित्रं घातली असती तर आपण दोघंही तेव्हा आत शेजारीशेजारी बसलो असतो.) सुभेदार मात्र हटेनात. "असला मान आमच्यात चालत न्हाई. उचला ती पेटी!" तशा अंबूबाई पुढे झाल्या, झाकण लावलं आणि पदर खोचून पेटीवर बसल्या.

"मान माजा हाय. उठवून दावा."

सुभेदारांनी दोन लढाया पाहिलेल्या, पण ही तिसरी त्यांना झेपली नाही. दुसरी पेटी आली, लुगडी दिसली, अक्षता पडल्या.

दिवाळीला व्याही आले ते पडलेल्या मिशीनं. "आकाराम, तुमी माज्या घरात पलटण घुसवली. आधी कुणी जेवायचं ह्यावर बायका हात वर करून मत घ्येत्यात. एक दिस आमी आधी, एक दिस त्या. कवा नव्हं ती गार भाकरी खातुय मी!" मी तोंडावर उपरणं धरून खोकलो. पण खरं सांगतो, शकू माहेरी आली ती ताठ चालत आली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. परवाच्या निवडणुकीत अंबूबाई नवऱ्याच्या पुढे रांगेत उभ्या होत्या आणि मत कुणाला दिलं ते अजून सांगत नाहीत. सुभेदार रोज वेगळा अंदाज बांधतात.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
आकाराम

ता. क. पेटी परत मागू नका. वडूजला त्यावर मतदान झालं आणि तुम्ही हरलात.

ता. क. दुसरा. आता खरं काम. चंद्रा दोनदा वडूजला राहून आली. काल वाढता वाढता विचारते, गिरणीत दळणं निम्मी मी घेते, मग पाटीवर नाव एकट्या तुमचंच का? मला ठसका लागला. नवऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं एखादं पुस्तक असेल तर ताबडतोब धाडा. जाड असलं तरी चालेल.

ता. क. तिसरा. दाजी, पाकीट चिकटवायला खळ माज्याच हातची लागती, म्हनून वाचलं. पुस्तक धाडू नका. पाटी रंगवनारा उद्या येतुया. ह्यास्नी अजून ठावं न्हाई. तुमची चंद्रा.